तान्हे मूल दूध का टाकते?

पोटभर दूध पिऊन तृप्त झालेले मूल खांद्यावर घ्यावे आणि त्याने घोटभर दूध त्याच खांद्यावर टाकावे, हा अनुभव ज्या घराला आला नाही असे घर विरळाच. या क्रियेला आपल्या भाषेत निरनिराळी नावे आहेत. कोठे मूल ‘दूध काढते’, कोठे ‘दूध टाकते’, तर कोठे ‘गुळणी टाकते’. या पाठात आपण ‘गुळणी’ हाच शब्द योजू.

गोष्ट साधी आहे, परंतु तिच्याविषयीच्या अज्ञानातून दोन प्रकारचे अनर्थ ओढवतात. मूल वारंवार गुळण्या टाकू लागले, म्हणजे आईचे दूध त्याला पचत नाही, ते जड आहे किंवा बाधते, अशी समजूत होते. मग अंगावरचे दूध तोडून वरचे दूध चालू केले जाते. त्या दुधाबरोबर अशुद्ध पाणी आणि नीट न उकळलेली बाटली घरात येते. अतिसार त्यांच्यापाठोपाठ येतो. निरोगी मूल अशा रीतीने आजारी पडते. हा पहिला अनर्थ होय. दुसरा याच्या अगदी उलट आहे. ‘लहान मुले दूध टाकतातच’ असे म्हणून जी ओकारी खरोखर प्राणघातक रोगाची सूचना असते, तिच्याकडेही दुर्लक्ष होते आणि उपचाराची वेळ निघून जाते. निरुपद्रवी गुळणी कोणती आणि धोक्याची ओकारी कोणती, हे ओळखता येणे म्हणूनच प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे. त्यासाठी प्रथम शरीराची रचना पाहिली पाहिजे.

अन्ननलिका, जठर आणि त्यांमधील द्वार

गिळलेले अन्न तोंडातून अन्ननलिकेत व तेथून जठरात जाते. छाती व पोट यांना विभागणारा मध्यपटल नावाचा जो स्नायूंचा पडदा आहे, त्यातील एका छिद्रातून अन्ननलिका खाली उतरते आणि जठराला मिळते. या संगमाच्या ठिकाणी अन्ननलिकेभोवती कंकणाच्या आकाराचा स्नायू असतो. एरवी तो आवळलेला असतो. घास किंवा घोट आला, की तो सैल होऊन वाट देतो आणि पुन्हा आवळतो. मध्यपटलाचे तंतूही त्याला बाहेरून साहाय्य करतात. त्यामुळे जठरातील पदार्थ सहसा वर येत नाहीत.

परंतु हा स्नायू केवळ गिळतानाच सैल होतो असे नाही. जठर ताणले गेले, म्हणजे काहीही गिळलेले नसताना तो अधूनमधून काही सेकंद सैल पडतो. जठरात साठलेली हवा याच संधीचा फायदा घेऊन बाहेर पडते. तिलाच आपण ढेकर म्हणतो. ही क्रिया मोठ्या माणसांतही दिवसातून अनेकदा घडते. मग मोठी माणसे गुळण्या का टाकीत नाहीत?

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण अन्ननलिकेच्या लांबीचे. प्रौढ माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. नवजात अर्भकाची त्याच्या निम्म्याहूनही आखूड असते. वर आलेले द्रव्य प्रौढाच्या अन्ननलिकेतच सामावते आणि पुन्हा खाली जाते. अर्भकाच्या बाबतीत मात्र तेवढा मार्ग नसल्यामुळे ते थेट तोंडाशी येते. दुसरे कारण शरीराच्या स्थितीचे. अर्भक दिवसाचा बहुतेक वेळ आडवे असते; त्याचे सर्व अन्न पातळ असते. आडव्या ठेवलेल्या सुरईचे बूच क्षणभर निघाले तरी पाणी सांडते, उभ्या सुरईतील सांडत नाही.

तिसरे कारण आहाराच्या प्रमाणाचे आहे. ते आकड्यांनी अधिक चांगले पटेल. पहिल्या काही महिन्यांत निरोगी मूल दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध पिते. चार किलोग्रॅम वजनाचे मूल म्हणजे ६०० मिलिलिटर दूध रिचवते. याच प्रमाणाने ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला दररोज ९ लिटर दूध प्यावे लागेल, आणि तेही बहुतांशी पडल्या पडल्या! असे करणाऱ्या माणसाने अधूनमधून थोडे दूध टाकले, तर त्याला कोणी रोगी म्हणणार नाही.

यांच्या जोडीला लहानसहान कारणे असतात. दूध पिताना हवा गिळली जाते; ती वर येताना दुधाला आपल्याबरोबर आणते. मूल रडले, कुंथले किंवा त्याचे पाय पोटाशी दुमडले गेले, की पोटातील दाब वाढतो व दूध वर ढकलले जाते.

गुळणी आणि ओकारी

गुळणी व ओकारी हे शब्द व्यवहारात एकमेकांऐवजी वापरले जात असले, तरी शरीरशास्त्राच्या दृष्टीने या दोन भिन्न क्रिया आहेत. ओकारी ही शरीराने केलेली सक्रिय हालचाल होय. मेंदूच्या तळाकडील केंद्रातून आज्ञा सुटते, मध्यपटल व पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि जठरातील द्रव्य बाहेर फेकले जाते. ओकारीपूर्वी मूल बहुधा अस्वस्थ होते, त्याचा चेहरा उतरतो. ओकारीनंतर ते थकते.

गुळणीत असे काहीही घडत नाही. स्नायूंचा जोर नाही, कष्ट नाहीत; दूध ओठांच्या कोपऱ्यातून सहज ओघळते. मूल आधी हसत असते आणि नंतरही हसत असते. आईचा पदर भिजतो एवढेच. ज्या मुलाची भूक चांगली आहे, झोप शांत आहे आणि वजन वाढत आहे, त्याची अशी गुळणी हा रोग नव्हे. वाढीच्या वाटेवरील ती एक अवस्था आहे.

‘फाटलेले’ दूध

गुळणीतून कधी पातळ दूध येते, तर कधी पांढऱ्या गुठळ्या व त्यांबरोबर आंबूस वासाचे पाणी येते. या गुठळ्या पाहून ‘आईचे दूध पोटात फाटले’ असा निष्कर्ष काढला जातो आणि त्याचा दोष आईच्या खाण्यापिण्यावर लादला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

ऊन दुधात लिंबू पिळले असता त्याचा चोथा व पाणी वेगळे होतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. दुधातील केसीन नावाचे प्रथिन आम्लामुळे गोठते. जठरातही हेच घडते. जठररसातील आम्ल व पाचक द्रव्ये यांच्यामुळे दूध जठरात पोहोचल्यावर लवकरच गोठू लागते. तसे ते गोठलेच पाहिजे. कारण गोठलेले दूध जठरातून सावकाश पुढे सरकते व त्याचे पचन नीट होते. पिताक्षणी आलेली गुळणी पातळ असते, कारण दुधाला गोठायला अवधी मिळालेला नसतो. थोड्या वेळाने आलेल्या गुळणीत गुठळ्या असतात. तात्पर्य, गुठळ्यांवरून दूध बिघडल्याचे सिद्ध होत नाही. पचनाचे काम सुरू झाल्याचे मात्र सिद्ध होते.

किती मुले, किती दिवस?

१९९७ साली अमेरिकेतील शिकागोच्या परिसरात केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेरा महिन्यांपर्यंतच्या ९४८ निरोगी मुलांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या गुळण्यांविषयी विचारण्यात आले होते. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंतच्या मुलांपैकी निम्मी मुले दिवसातून किमान एकदा गुळणी टाकीत. चौथ्या महिन्यात हे प्रमाण सर्वांत अधिक, म्हणजे शेकडा ६७ आढळले. सहाव्या महिन्यात ते शेकडा ६१ होते, आणि सातव्या महिन्यात एकदम शेकडा २१ वर आले. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत ते केवळ शेकडा ५ उरले होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की चौथ्या महिन्यापर्यंत गुळण्या वाढत गेल्या तरी त्यावरून मुलाची प्रकृती ढासळत आहे असे ठरत नाही. दुसरी ही, की सहासात महिन्यांच्या सुमारास मूल बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, त्याची अन्ननलिका लांब झालेली असते. आणि गुळण्या आपोआप कमी होतात. याच काळात एखादे औषध चालू असेल, तर निसर्गाने केलेल्या कामाचे श्रेय सहज त्या औषधाला दिले जाते.

खरा साक्षीदार: तराजू

गुळणीचे प्रमाण डोळ्यांनी अजमावणे फसवे असते. याची प्रचीती सहज घेता येईल. एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर दूध घ्यावे व ते कोरड्या सुती दुपट्यावर ओतावे. जो डाग पसरेल तो पाहून, घडलेला प्रकार ठाऊक नसलेल्या माणसाला, किती दूध सांडले असावे असे विचारावे. उत्तर बहुधा खऱ्या मापाच्या कितीतरी पट येईल. ‘प्यायलेले सगळे दूध टाकले’ असे जेव्हा वाटते, तेव्हा पुष्कळदा चमचा-दोन चमचेच दूध बाहेर आलेले असते.

म्हणून गुळणीचे माप दुपट्यावर घेऊ नये, तराजूवर घ्यावे. मुलाच्या पोटात पुरेसे दूध टिकते की नाही, याचे उत्तर त्याचे वजन देते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते. ही घट जन्मवजनाच्या शेकडा दहापर्यंत असू शकते. साधारणपणे दोन आठवड्यांत मूल पुन्हा जन्मवजनावर येते. त्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते दररोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढते. समजा, मुलाचे जन्मवजन २,९०० ग्रॅम होते व चौदाव्या दिवशी ते पुन्हा तेवढेच भरले. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत २८ दिवस जातात. दररोज २५ ग्रॅम धरले, तर वाढ २८ गुणिले २५, म्हणजे ७०० ग्रॅम होते. तेव्हा वजन ३,६०० ग्रॅमच्या आसपास भरले, तर गुळण्या कितीही दिसत असल्या तरी मुलाला पोषण मिळत आहे, हे निश्चित.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीचे जे आलेख प्रसिद्ध केले, ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या मापांवरून तयार केलेले आहेत. भारतातील मापे दिल्ली येथे घेण्यात आली. अंगणवाडीत वजनाची नोंद अशाच आलेखावर करतात. एका दिवसाच्या वजनावरून फारसे काही कळत नाही. अनेक नोंदींतून उमटणारी रेषा वर जाते, सपाट होते की खाली वळते, हे पाहायचे असते.

वजनकाट्याचा उपयोग केवळ रुग्णालयातच होतो असे नाही. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांच्या देखभालीचे शिक्षण दिले. या स्त्रिया घरी जाऊन अर्भकांची तपासणी करीत व त्यांचे वजन घेत. या कार्याचा वृत्तान्त १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात अर्भकांच्या देखभालीची योजना देशभर सुरू केली. तीनुसार आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. गुळण्यांविषयी शंका असेल, तर अशा भेटीत वजन करून घ्यावे आणि मागील नोंदीशी ताडून पाहावे.

वजनाखेरीज आणखी एक सोपी खूण आहे. पहिल्या आठवड्यानंतर मुलाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल, तर त्याच्या पोटात पुरेसे दूध राहत आहे असे समजावे.

घरात करावयाचे उपाय

गुळणी पूर्णपणे थांबविणे आपल्या हाती नाही. ती कमी करता येते.

आईने अंगावरचे दूध पाजणे मुळीच थांबवू नये. पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देण्याची आवश्यकता नसते. पाजताना मुलाने तोंड मोठे उघडून स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला आहे ना, हे पाहावे. केवळ स्तनाग्र चोखणारे मूल दुधाबरोबर हवा अधिक गिळते. दूध फार जोराने येत असेल आणि मुलाला ठसका लागत असेल, तर आईने मागे रेलून बसावे व मुलाला आपल्या अंगावर घेऊन पाजावे. त्यामुळे दुधाचा वेग कमी होतो. भुकेने आकांत करू लागण्याची वाट न पाहता, मूल ओठ चाळवू लागले, मुठी चोखू लागले, की त्याला पाजावे.

पाजून झाल्यावर, तसेच एका बाजूचे दूध संपवून दुसऱ्या बाजूला घेताना, मुलाला उभे धरून पाठीवरून हात फिरवावा व ढेकर काढावी. ढेकर आलीच पाहिजे असा हट्ट धरून जोराने थोपटू नये. पाजल्यानंतर वीस ते तीस मिनिटे मुलाला खांद्याशी उभे धरून ठेवावे. त्याला लगेच बसके करणे इष्ट नाही. अशा बसण्यात मान व धड पुढे झुकून पोट दबते आणि गुळणी उलट वाढते. लंगोट पोटावर घट्ट बांधू नये. तेल लावून मर्दन करणे, न्हाऊ घालणे, पायांवर घेऊन झुलवणे हे सर्व पाजण्यापूर्वी उरकावे.

काही कारणाने वाटी-चमच्याने दूध द्यावे लागले, तर तेही सावकाश द्यावे. चोच असलेले भांडे आपल्या देशात अनेक ठिकाणी प्रचारात आहे. महाराष्ट्रात त्याला बोंडले म्हणतात, तमिळनाडूत पालाडै म्हणतात. बंगालमध्ये शिंपल्याच्या आकाराचे झिनुक त्याच कामी वापरतात. भांडे कोणतेही असो, मुलाला आडवे पाडून, नाक दाबून, दूध घशात ओतणे अत्यंत धोक्याचे आहे. मुलाचे डोके व धड उंच ठेवावे, भांडे ओठांना टेकवावे आणि मूल जेवढे ओढील तेवढेच द्यावे. भांडे उकळलेल्या पाण्याने स्वच्छ केलेले असावे. दूध देण्याच्या बाटलीची बोंडे धुऊनही पूर्ण स्वच्छ होत नाहीत, म्हणून बाटली टाळलेली बरी. अर्भकांच्या दुधाच्या भुकटीची व बाटल्यांची जाहिरात भारतात १९९२ च्या कायद्याने निषिद्ध ठरविली आहे, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

ज्या मुलाला वैद्याच्या सल्ल्याने भुकटीचे दूध दिले जाते, त्याला एका वेळी थोडे कमी व अधिक वेळा द्यावे. भुकटी व पाणी यांचे डब्यावर दिलेले प्रमाण बदलू नये. पाणी अधिक घातले तर मूल उपाशी राहते. कमी घातले तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो.

काय करू नये, हेही तेवढेच महत्त्वाचे आहे. दूध पोटात टिकावे म्हणून सहा महिन्यांच्या आत पेज, रव्याची खीर किंवा तांदळाचे पीठ देऊ नये. एक वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित एका घातक जंतूचे बीजाणू पोटात जातात. गुटी व पोटदुखीवरील बाजारी पाणी यांनी गुळणी थांबते असे आढळलेले नाही. आम्ल कमी करणारी औषधे गुळणी थांबवीत नाहीत. ती फार तर बाहेर येणाऱ्या दुधाचा आंबटपणा कमी करतील. ओकारी थांबविणारी औषधेही वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नयेत. सिसाप्राइड नावाचे औषध एके काळी याच तक्रारीवर मुलांना सर्रास दिले जात असे. त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांत घातक बिघाड होऊ शकतो असे आढळल्यावर, २००० साली अमेरिकेत त्याची सर्वसाधारण विक्री थांबविण्यात आली. जी अवस्था आपोआप निवळते, तिच्यासाठी औषधाचा धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे.

झोपवावे कसे?

दूध टाकणारे मूल उताणे झोपविले तर दूध श्वासनालात जाऊन ते गुदमरेल, या भीतीने त्याला कुशीवर किंवा पालथे झोपविण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. येथेही शरीररचनाच आपले शंकानिरसन करते. श्वासनाल अन्ननलिकेच्या पुढच्या बाजूस असतो. मूल उताणे असताना श्वासनाल वर व अन्ननलिका खाली राहते. वर आलेल्या दुधाला श्वासनालात शिरायचे तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते. मूल पालथे असताना हा क्रम उलटतो व श्वासनालाचे मुख खाली येते. शिवाय निरोगी अर्भक दूध घशाशी आले की आपोआप गिळते, खोकते किंवा मान वळवते.

१९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटन, अमेरिका इत्यादी देशांत मुलांना पालथे न झोपविण्याचा सल्ला देण्यात आला. त्यानंतर झोपेत अकस्मात होणाऱ्या अर्भकमृत्यूंचे प्रमाण तेथे निम्म्याहून अधिक घटले, आणि गुदमरून होणारे मृत्यू वाढले नाहीत. यास्तव मुलाला उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर झोपवावे. डोक्याखाली मोहरीची किंवा अन्य उशी देऊन मान उंच करू नये; त्याने गुळणी थांबत नाही, मात्र मान दुमडून श्वास कोंडण्याचा संभव असतो. जागेपणी, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, मुलाला थोडा वेळ पालथे ठेवणे हितकर असते. फक्त ते पाजल्यानंतर लगेच करू नये.

धोक्याच्या खुणा

आता ज्या ओकारीकडे दुर्लक्ष करता कामा नये तिच्याकडे वळू.

सर्वांत महत्त्वाची खूण रंगाची आहे. यकृतात तयार होणारा पित्तरस जठराच्या पलीकडे, लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात येऊन मिळतो. ओकारी हिरवी असेल, तर ती पित्तरस जेथे मिळतो त्याच्या खालून आली आहे आणि तेथून पुढचा मार्ग बंद झाला असण्याचा संभव आहे, असा त्याचा अर्थ होतो. गर्भावस्थेत आतडी विशिष्ट रीतीने वळून आपापल्या जागी स्थिर होतात. काही मुलांत हे वळणे अपुरे राहते. मग आतड्याला पीळ पडतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते मृत होऊ शकते. म्हणून हिरवी ओकारी झाली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता, मूल वरून ठीक दिसत असले तरी, त्याला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. पहिल्या काही दिवसांतील चीक स्वभावतःच पिवळसर असल्यामुळे त्याची गुळणीही पिवळसर असते. पण रंगाविषयी शंका असेल, तर तो डाग पडलेले दुपटे बरोबर नेऊन वैद्याला दाखवावे.

दुसरी खूण वेगाची आहे. साधारणतः दुसऱ्या ते आठव्या आठवड्यांच्या दरम्यान एखादे मूल प्रत्येक पाजणीनंतर पिचकारीसारखी दूर उडणारी ओकारी करू लागते. ओकून झाल्याबरोबर ते पुन्हा भुकेने रडते. त्याचे वजन मात्र घटत जाते. जठराच्या खालच्या द्वाराचा स्नायू जाड होऊन वाट बंद झाल्याचे हे लक्षण होय. अडथळा पित्तरस मिळण्याच्या जागेच्या वर असल्यामुळे ही ओकारी पांढरी असते. हा विकार मुलींपेक्षा मुलग्यांत बराच अधिक आढळतो. डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८८ साली त्याचे स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी अशी बहुसंख्य मुले दगावत. १९१२ साली जर्मन शल्यविशारद कॉनराड रामस्टेट यांनी आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली: आतील अस्तराला धक्का न लावता जाड झालेला स्नायू तेवढा उभा चिरावयाचा. तत्त्वतः हीच शस्त्रक्रिया आजही केली जाते, आणि वेळेवर आणलेले मूल बहुधा पूर्ण बरे होते.

पुढीलपैकी कोणतीही खूण दिसली, तरी मुलाला तत्काळ वैद्याकडे न्यावे:

१. ओकारीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखे कण दिसणे, अथवा शौचातून रक्त पडणे.
२. पोट फुगणे व कडक होणे.
३. तीन महिन्यांच्या आतील मुलाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप येणे.
४. मूल मलूल होणे, दूध ओढण्याचे सोडून देणे, हाक मारून किंवा हलवूनही नीट जागे न होणे.
५. सहा ते आठ तास लघवी न होणे, तोंड कोरडे पडणे, टाळू खोल जाणे.
६. टाळू फुगून वर येणे.
७. दूध पिताना किंवा गुळणीनंतर श्वास अडणे, ओठ निळे पडणे.

याशिवाय वजन वाढण्याचे थांबले, प्रत्येक पाजणीला मूल पाठ ताणून आक्रोश करू लागले, गुळण्या सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झाल्या किंवा वर्ष उलटूनही चालू राहिल्या, तर काही दिवसांच्या आत वैद्याचा सल्ला घ्यावा. काही थोड्या मुलांना गाईच्या दुधातील प्रथिने सोसत नाहीत. त्यांना गुळण्यांबरोबर अंगावर पुरळ उठते किंवा शौचातून रक्त पडते. अशा मुलाचा आहार बदलायचा तो वैद्याच्या देखरेखीखालीच बदलावा.

समारोप

दिवसातून दहा वेळा दुपटी बदलणारी व रात्री मुलाला खांद्यावर घेऊन बसणारी आई थकून जाते, हे खरे आहे. तिला गरज असते ती कोणी दुपटी धुण्याची, पाजणीनंतर अर्धा तास मूल कोणी आपल्या खांद्याशी धरण्याची, आणि तिच्या दुधाला दोष न देण्याची. मूल हसत असेल, लघवी पुरेशी होत असेल, वजन वाढत असेल, तर घरातील मंडळींनी धीर धरावा. ओकारी हिरवी दिसली किंवा मूल मलूल झाले, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

स्वाध्याय

१. गुळणी व ओकारी यांतील फरक शरीराच्या हालचालींच्या आधारे स्पष्ट करा.
२. पाच किलोग्रॅम वजनाचे तीन महिन्यांचे मूल दिवसाला सुमारे किती दूध पिईल? त्याने एका दिवसात पाच मिलिलिटरच्या सहा गुळण्या टाकल्या, तर त्या एकूण दुधाच्या शेकडा किती होतील?
३. जठराच्या खालच्या द्वाराशी अडथळा असता ओकारी पांढरी का असते आणि आतड्याला पीळ पडला असता हिरवी का होते? आकृती काढून दाखवा.
४. ऊन दूध व लिंबाचा रस घेऊन दूध गोठण्याचा प्रयोग करा व जे दिसेल ते लिहून ठेवा. गुळणीतील गुठळ्यांशी त्याचा संबंध सांगा.
५. जवळच्या अंगणवाडीत जाऊन वजनाचा आलेख पाहा. त्यातील रेषा सपाट होण्याचा अर्थ काय, तो अंगणवाडी सेविकेकडून समजून घ्या.